येऊन राह्यला

गव्हाला एरंडेल लावायचं काम निम्म्यावर आलं होतं. अंगणात जुन्या लुगड्यावर ऊन खाल्लेला गहू पसरला होता. त्यातला थोडा थोडा परातीत घ्यायचा, तळहातावर तेल घेऊन दाणा चकचकीत होईस्तोवर चोळायचा, मग कोठीत एक थर गव्हाचा, एक थर वाळल्या कडुनिंबाच्या पाल्याचा. कोठी कमरेएवढी भरली होती आणि विमलताईंचे हात मनगटापर्यंत तेलकट झाले होते, तेवढ्यात पोस्टमननं फाटकाची कडी वाजवली.

"ठेवा न भाऊ तिथंच ओट्यावर. हात तेलाचे हाय माहे."

"रजिस्टर हाय ताई, सही लागते."

पदराला हात पुसून विमलताई उठल्या. पेन दोनदा हातातून निसटलं. सही कशीबशी झाली, पण पुण्याहून आलेल्या त्या जाडजूड पाकिटावर पाचही बोटं उमटली.

समोर बसून गहू चोळणारी सुखीबाई दिग्रसच्या बाहेरच्या तांड्यावरची. पंचवीस वर्षं तिनं या गल्लीत डोक्यावरच्या टोपलीतून भाजी विकली. गुडघे गेले, टोपली सुटली, पण उन्हाळ्याच्या कामाला ती विमलताईंकडे येतेच. मजुरीसाठी नाही, सोबतीसाठी.

"काय आलं वं ताई? नोटीस गिटीस त नाही न?"

"नाही वं. माही गोष्ट छापून येऊन राह्यली."

"कवा?"

"आखाडाच्या अंकात."

"मंग त पेढे लागते," सुखीबाई म्हणाली आणि चष्म्यावरून बघत राहिली. विमलताईंच्या तोंडावर पेढ्यासारखं काही दिसेना.

पाकिटात त्यांच्या कथेची छापलेली सात पानं होती आणि वर एक पत्र. गृहिणींच्या कथा छापणाऱ्या एका मासिकाच्या संपादकबाईंनी लिहिलं होतं: 'आपली कथा आम्ही घेत आहोत. भाषेवर किरकोळ संस्कार केले आहेत. पाने वाचून, सही करून आठ दिवसांत परत पाठवावीत. दुःखाच्या कथा हल्ली फार येतात. आपला नायक मात्र शेवटी घरी येऊन राहिला, हा सुखद शेवट आम्हा सर्वांना फार भावला.'

विमलताईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग घाईघाईनं शेवटचं पान काढलं. त्यांनी लिहिलं होतं, 'उकंडा येऊन राह्यला.' छापून आलं होतं, 'उकंडा येऊन राहिला.'

पुण्यात 'येऊन राहिला' म्हणजे आला आणि राहिला. इकडे यवतमाळ जिल्ह्यात 'येऊन राह्यला' म्हणजे अजून येतोच आहे, रस्त्यात आहे. चूक म्हणावी तर एका अक्षराची. पण त्या एका अक्षरानं, सात वर्षं न आलेला माणूस पुण्याच्या छापखान्यात सुखरूप घरी पोचवून दिला होता.

पान घेऊन वळताना पायाचा धक्का लागून तेलाची बाटली आडवी झाली. सुखीबाईनं "अवं, अवं!" म्हणत उचलेपर्यंत तेल मातीनं पिऊन घेतलं होतं.

"राहू दे," विमलताई म्हणाल्या. "आज राहू दे गहू."

*

वही लिहायची सवय विमलताईंना लग्नानंतरची. भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं होतं, सांजवात झाली की चार ओळी लिहायच्या. दिवस देवापुढं ठेवायचा तसा. वर 'श्री', मग तिथी, मग काय घडलं ते. 'आज चतुर्थी. मोदक झाले नाहीत, गुळाचा खडा ठेवला. दुपारी सुरभीला कणकण. हे उशिरा आले.' अशा एकोणीस वह्या लोखंडी पेटीत होत्या. त्या सगळ्यांत मिळून नवऱ्याचं नाव एकदाही नव्हतं. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं ते उखाण्यात, तेही लोकांनी अडवून धरल्यावर. वहीत ते नुसते 'हे' होते, आणि त्यांच्या वहीत दुसरे 'हे' कोणी नसल्यामुळे कधी घोटाळा झाला नाही.

हे म्हणजे भगवानराव. जिनिंगमध्ये काट्यावर बसायचे. कापसाची गाडी आली की वजन मोठ्यानं वाचून दाखवायचे, गाडीवाल्याला ऐकू गेलं की नाही ते बघायचे, मग लिहायचे. चहा बशीत ओतून, तीन फुंकरा घालून प्यायचे. दोन नाही, चार नाही. सात वर्षांपूर्वी वैशाखात ते ढाणकीला आतेबहिणीच्या घरच्या वास्तुपूजनाला गेले. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन आला.

"अवं, मी पुसदच्या स्टँडवर हाय. येऊन राह्यलो. भाकर आताच नोको टाकू. आल्यावर गरम टाकजो."

विमलताईंनी परातीत पीठ काढून ठेवलं, वर ताट झाकलं. पुसद ते दिग्रस रस्ता असा किती. वहीत लिहिलं, 'हे पुसदहून येऊन राह्यले.' दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पीठ डब्यात परत ओतलं.

पोलिसात गेल्या तेव्हा शिपायानं विचारलं, "नाव?"

"सुरभीचे बाबा."

"मावशी, असं नाव कागदावर चालत नाही."

तेव्हा सुरभी कॉलेजात होती. तिनंच पुढं होऊन बापाचं नाव सांगितलं, उंची सांगितली, शर्टाचा रंग सांगितला. पुसदच्या स्टँडवरच्या चहावाल्याला माणूस आठवत होता, बशीत चहा प्यायला म्हणून. गाडीत चढला की नाही ते आठवत नव्हतं. फोन त्या संध्याकाळपासून बंद. कोणी म्हणालं, माहूरला साधूंच्या जथ्यात दिसले. कोणी म्हणालं, पूस नदी. विमलताईंनी कोणालाच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कुंकू लावत राहिल्या. वडाला जायच्या, तेव्हा बायका जरा बाजूला सरून जागा करून द्यायच्या. ती जागा जास्तच मोकळी असायची, हे त्यांना कळायचं.

वहीची शेवटची ओळ मात्र त्या दिवसापासून ठरून गेली. एकादशी असो, शिमगा असो, सुरभीचं लग्न असो, खाली लिहिलेलं असायचं: 'हे अजून आले नाहीत.'

*

कथा लिहायचं खूळ किसनराव सरांनी डोक्यात घातलं. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, राममंदिराच्या खोलीत वाचनालय सांभाळायचे. मासिकातली सूचना दाखवून म्हणाले, "विमलताई, इतक्या वह्या लिहिता, एक गोष्ट लिहा. देवानं अक्षर दिलं आहे."

विमलताईंनी लिहिली. आठ पानं. फोन आला तिथून सुरुवात, पीठ परत डब्यात ओतलं तिथं शेवट. सरांनी वाचली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"चांगलं आहे. पण ही तुमची वहीच झाली. कथेत जरा लांब उभं राहावं लागते. 'मी' काढा. 'ती' लिहा. तृतीय पुरुष घ्या."

"आता या वयात?" विमलताई म्हणाल्या. "पहिलाच सांभाळता नाही आला सर मले."

सर आधी गडबडले, मग इतके हसले की बाहेर चपला घालणारा म्हातारा वाकून बघायला लागला. विमलताईही हसल्या. किती दिवसांनी आपण हसलो, असं त्यांना घरी येताना वाटलं, आणि लगेच चुकल्यासारखं वाटलं.

'मी'ची 'ती' केली. ते एवढं जड नाही गेलं. उलट 'ती उंबऱ्यात बसली' असं लिहिल्यावर आपण अंगणातून आपल्याकडेच बघतो आहोत असं झालं, आणि ती बाई दिसली तेव्हा तिची थोडी दयाही आली. 'मी'ची दया येत नव्हती कधी. पण पुढं घोटाळा सुरू झाला. 'ती उंबऱ्यात बसली. हे म्हणाले.' सरांनी लाल पेनानं विचारलं, 'हे कोण?'

"हे म्हणजे हे," विमलताई म्हणाल्या.

"तुमचे हे तुम्हाला माहीत. वाचणाऱ्याला कसे कळणार? तिचे 'हे' तिच्यापाशी. सांगणारा दुसरा झाला ना आता. नाव द्या."

नाव. विमलताईंनी दोन दिवस नाव शोधलं. खरं तर लिहिणं शक्यच नव्हतं. मग इंद्रजीत ठेवलं. लिहिलं, 'इंद्रजीतने बशीत चहा ओतला.' वाचून बघितलं तर कोणी सिनेमातला माणूस चुकून आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसल्यासारखा दिसला. सुखीबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "हे काय नाव हाय? इंद्रजीत काट्यावर बसन? ठेव न उकंडा."

"उकंडा?"

"मंग? माह्या भासऱ्याचं नाव उकंडा. चार लेकरं गेलती त्याच्या आधी. हा झाला त सासूनं उकिरड्यावर ठेवला न उचलून आणला. ऐंशी वर्षं जगला, कोणाले आयकलं नाही त्यानं."

इकडे ही रीतच. ज्या घरी लेकरं टिकत नाहीत, त्या घरी लेकराला उकिरड्यावर ठेवून उचलायचं आणि नाव ठेवायचं उकंडा. टाकून दिलेल्या वस्तूवर मरणाची नजर जात नाही म्हणतात. विमलताईंनी त्याच संध्याकाळी इंद्रजीत खोडला आणि आठही पानांवर उकंडा लिहिलं. कोणाला सांगितलं नाही, पण नाव लिहिताना दर वेळी मनात देवाचं नाव घेतलं.

तरी काळ जुळेना.

'उकंडा काट्यावर बसायचा. वजन मोठ्यानं वाचतो. गाडीवाला हसत होता, आणि उकंडा म्हणतो...' असं चालायचं. लिहिताना कळायचं नाही. 'होता' आला की हात अडखळायचा, आणि पुढच्या वाक्यात आपोआप 'आहे' यायचा, जसा पाय घसरला की माणूस भिंत धरतो. सरांनी सगळीकडे गोल केले. एकेचाळीस झाले.

"विमलताई, काळ सांभाळा. भूतकाळ तर भूतकाळ. एका पानात हा माणूस सात वेळा 'होता' होतो आणि सात वेळा परत..." सर मध्येच थांबले. लाल पेनाचं टोपण लावलं. "राहू द्या. आज एवढंच."

"नाही, सांगा न सर."

"काही नाही. वाचकाला कळलं पाहिजे ना, तो आहे का नाही."

विमलताई पानं घेऊन घरी आल्या. वाचकाला कळलं पाहिजे. आधी मला कळलं पाहिजे. मग नगरपरिषदेला, पोलिसाला, सुरभीच्या सासरच्यांना, सगळ्यांनाच कळलं पाहिजे. देवघरापुढं बसून त्यांनी एकेक गोल सोडवला. 'बसतो'चा 'बसायचा' केला, 'म्हणतो'चा 'म्हणाला' केला. बशीतल्या चहापाशी फार वेळ लागला. 'तीन फुंकरा घालतो.' 'तीन फुंकरा घालायचा.' शेवटी 'घालायचा' लिहून त्यांनी देवाला हात जोडले, की हे उकंड्याबद्दल आहे, यांच्याबद्दल नाही, इकडचं तिकडं लावून घेऊ नको.

सगळी कथा भूतकाळात आणली आणि शेवटचं एक वाक्य ठेवलं. पीठ डब्यात ओतलं ते काढून टाकलं. त्याऐवजी, ती बाई परातीवर ताट झाकते आणि दाराकडे बघते तिथं लिहिलं: 'उकंडा येऊन राह्यला.'

किसनराव सर याच मातीतले. शेवटच्या ओळीवर त्यांचं लाल पेन आलं, थांबलं, आणि मागं गेलं.

"याला मी हात लावत नाही," ते म्हणाले.

*

रजिस्टर आलं त्याच दुपारी विमलताईंनी पत्रावरच्या नंबरला फोन लावला. संपादकबाईंचा आवाज मऊ होता. त्यांनी आधी अभिनंदन केलं.

"मॅडम, शेवटी बदल झाला एक. तो राहिला नाही हो. तो येऊन राह्यला."

"हो, तेच केलंय ना? येऊन राहिला."

"नाही, म्हणजे... आमच्याकडे येऊन राह्यला म्हणजे रस्त्यात हाय. पोचला नाही अजून."

तिकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. "अच्छा! म्हणजे 'येत आहे'. अरे देवा. बरं झालं सांगितलंत. मग तसं करून टाकते. 'उकंडा येत आहे.'"

विमलताईंनी ते मनात म्हणून बघितलं. उकंडा येत आहे. स्टँडवरच्या भोंग्यातून गाडी पुकारतात तसं.

"पण ताई," बाई पुढं म्हणाल्या, "सगळी कथा भूतकाळात, आणि शेवट एकदम वर्तमानात? वाचकाला वाटेल, राहूनच गेली कथा. मुळात तो येतो की नाही?"

"ते मले मालूम नाही."

"लेखिकेला माहीत हवं ना पण," बाई हसून, अगदी मायेनं म्हणाल्या. "असं करा, तुम्हीच विचार करून पानावर लिहा. तुम्ही लिहाल ते छापते."

फोन ठेवून विमलताई ओट्यावर आल्या. अंगणात लुगड्यावर गहू पडला होता आणि चिमण्या खात होत्या. त्यांनी हाकललं नाही.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळच्या गाडीनं यवतमाळहून सुरभी आली. यवतमाळलाच तिचं सासर, तिथल्याच शाळेत ती शिकवायची. पर्समधून तिनं आधी आईसाठी आणलेली औषधं काढली, मग प्लास्टिकच्या पिशवीतला स्टँपपेपर.

तो कागद येणार हे विमलताईंना महिन्यापासून माहीत होतं. घर भगवानरावांच्या नावावर. मागची भिंत मागच्या पावसाळ्यात बसली, तेव्हापासून न्हाणीघराला ताडपत्री बांधलेली. भिंत उभी करायची परवानगी मागायला नगरपरिषदेत गेलं की मालकाची सही मागत. मालक कुठं आहेत? सात वर्षं झाली की कोर्टाकडून ठरवून घेता येतं, असं वकील म्हणाला. त्यासाठी बायकोचं प्रतिज्ञापत्र.

"वाच एकदा," सुरभी म्हणाली.

विमलताईंनी वाचलं. 'अर्जदार ही वरील पत्त्यावर राहत असून तिचे पती दिनांक अमुक रोजी पुसद येथून निघाले होते...' वकिलाच्या कारकुनानं एका दमात लिहिलेलं होतं. 'मी' कुठंही नव्हती, 'ती' होती. 'होते' होतं, एकदाही अडखळलेलं नव्हतं. नवऱ्याचं नाव वडिलांच्या नावासकट सात वेळा. चार महिने आपल्याला जे जमलं नाही, ते या माणसानं चहा पिता पिता लिहिलं असेल. मग शेवटची ओळ आली: 'सदर इसम हयात नसावेत असा अर्जदाराचा विश्वास आहे.'

"हा विश्वास कोणाचा?"

"तुझा. अर्जदार म्हणजे तू."

"माहा त नाही तसा विश्वास."

"आई, कायदेशीर भाषा असते ती."

"देवाच्या कामाचा शब्द हाय तो, सुरभे. विश्वास म्हणते अन् खोटं लिहिते? नुसतं लिही न, की पुसदहून येऊन राह्यले म्हणून."

"कोर्टात असा काळ नसतो आई!" सुरभीचा आवाज चढला. "काय लिहू, सात वर्षं झाली, येऊन राह्यले?"

विमलताईंनी कागद तिच्यापुढं सरकवला.

"तुले वाटते मले बरं वाटते हे कागद घेऊन फिरायले? माह्या लग्नाच्या पत्रिकेत तू बाबांचं नाव छापलं. कन्यादानाले काका बसले. सासरचा एक एक माणूस येऊन विचारे, व्याही कुठी हायेत? मी काय सांगत होती मालूम आहे? येऊन राह्यले. मांडवात उभी राहून सांगत होती, येऊन राह्यले. अजूनबी शाळेत कोणी विचारलं का तेच निघते तोंडातून." तिनं ओढणीनं नाक पुसलं. मग एकदम खाली आलेल्या आवाजात, शाळेत लेकरांना सांगते तशा सावकाश शब्दांत म्हणाली, "बाबा येत होते, आई. येऊन राह्यले नाही. येत होते."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. दोघींपैकी कोणी उठलं नाही. दुसरी झाली, तिसरी झाली, तेव्हा सुरभी गॅस बंद करायला आत गेली.

विमलताईंनी देवघराच्या फळीवरून पुण्याचं पाकीट काढलं. शेवटचं पान वर घेतलं. येत होता. खोटं नव्हतं. पुसदच्या स्टँडवरून येतच होता तो, भाकर गरम खायची होती त्याला. पोचला असंही त्यात नव्हतं, मेला असंही नव्हतं. पण दार लावल्यासारखं होतं ते. 'येऊन राह्यला' म्हटलं की माणूस डोळ्यापुढं चालत राहायचा. 'येत होता' म्हटलं की रस्ता दिसायचा, नुसता.

त्यांनी 'येऊन राहिला' वर रेघ ओढली आणि वर लिहायला घेतलं. 'उकंडा येत' एवढं नीट उमटलं. पुढं कालच्या तेलाचा डाग होता, अंगठ्याएवढा. त्या डागावर शाई धरेना. 'होता' लिहिलं तर नुसता पेनाचा ओरखडा उठला. दुसऱ्यांदा लिहिलं, 'हो' अर्धा आला. सुरभी बाहेर येऊन मागं उभी राहिली होती, आई काय करते ते बघत. तिसऱ्यांदा विमलताईंनी पेन दाबून, शाळेतल्यासारखं गिरवून गिरवून ते अक्षर उठवलं. मग खाली सही केली.

"आण तो कागद," त्या म्हणाल्या.

प्रतिज्ञापत्र त्यांनी पुन्हा वाचलं नाही. सुरभीनं बोट ठेवलं तिथं सही केली, दुसऱ्या पानावर केली, फोटोवर आडवी केली. एका ठिकाणी लिहून झालं होतं, दुसऱ्या ठिकाणी हात थांबला नाही. विश्वासाच्या ओळीबद्दल देवाची माफी मनातल्या मनात मागितली. कुंकवाचं काय करायचं, ते त्या कागदात कुठंच विचारलेलं नव्हतं.

सुरभीनं आईच्या पाठीवरून हात फिरवला. दोघींनी वरणभात खाल्ला. चारच्या गाडीनं ती गेली. जाताना फाटकापाशी म्हणाली, "मागची भिंत झाली का न्हाणीले दरवाजा बी लावून घेऊ, आई."

"हो," विमलताई म्हणाल्या.

उन्हं उतरल्यावर सुखीबाई काठी टेकत आली. गहू रात्री उघड्यावर राहू नये म्हणून दोघींनी लुगड्याची चारी टोकं धरून तो पडवीत ओढून घेतला. सुखीबाईनं विचारलं, "मंग ताई, तुह्या गोष्टीत आला का नाही दाजी?"

"येत होता," विमलताई म्हणाल्या.

सुखीबाईनं त्यांच्याकडे बघितलं. तांड्यावरची तिची घरची बोली वेगळी होती, पण एवढं तिला कळलं. ती खाली बसून पायाशी सांडलेले दाणे एकेक वेचत राहिली.

सांजवात झाली. विमलताईंनी वही घेतली. वर 'श्री' काढला. तिथी लिहिली. 'गहू निम्मा राहिला. चिमण्यांनी पुष्कळ खाल्ला. सुरभी सकाळी आली, चारच्या गाडीनं गेली. दोन कागदांवर सह्या केल्या.' मग सवयीनं हात खाली गेला आणि 'हे अजून' एवढं लिहून झालं. पेन तिथंच थांबलं. ते शब्द त्यांनी खोडले नाहीत, पुढंही काही लिहिलं नाही. वही मिटून पेटीत ठेवली.

पडवीतल्या अर्ध्या भरलेल्या कोठीत वरचा थर कडुनिंबाच्या पाल्याचा दिसत होता. सकाळी पोस्टात पुण्याचं पाकीट टाकायचं होतं, आणि येताना बाजारातून एरंडेलाची बाटली आणायची होती.